फॅट डेअरीत लागावी, रक्तात नव्हे



या सदरात एरवी आपण बी-बियाणे, खते, कीड आणि गोठा यांविषयी बोलतो. पण गेल्या पंधरवड्यात आलेले एक पत्र बाजूला ठेवता येईना. बार्शी तालुक्यातील एका सुनेचे ते पत्र आहे. त्यांच्या गावात आरोग्य शिबिर झाले. सासऱ्यांचे वय 68. त्यांचे रक्त तपासले, तेव्हा कोलेस्टेरॉल 262 निघाले. डॉक्टरांनी रोज रात्री एक गोळी घ्यायला सांगितली आणि तेल-तूप आवरायला सांगितले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तर आकडा 178. झाले! मामंजींनी गोळी बंद केली. "आकडा खाली आला, आता औषध कशाला?" असे त्यांचे म्हणणे. शेजारच्या एका गृहस्थांनी त्यात भर घातली की, या गोळीने गुडघे जातात. त्यातच एके दिवशी सुनेने भाकरीवर तूप कमी वाढले, म्हणून मामंजी अर्ध्या जेवणावरून उठले. म्हणाले, "हे घर माझ्या घामावर उभं आहे, आणि माझ्याच भाकरीवर तूप मोजता?" सूनबाई विचारतात, "भाऊ, आम्ही काय करावे?"

मंडळी, मी शेतीचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. गोळी कोणती, किती आणि कधीपर्यंत हे डॉक्टरांनीच ठरवायचे. परंतु शिवारात पिकते ते ताटात कसे आणि किती यावे, आणि तपासणीचा कागद कसा वाचावा, हे सांगणे विस्तार अधिकाऱ्याच्या कामात नक्कीच बसते. शिवाय हे दुखणे एका घरचे नाही. आज गावोगावच्या पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या खिशात ही गोळी आहे, आणि कितीतरी जणांनी ती मनानेच सोडलेली आहे.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हे विष नाही. तो मेणासारखा एक पदार्थ आहे आणि शरीराला तो लागतो. प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. पित्तरस, काही संप्रेरके आणि ड जीवनसत्त्व त्याच्यापासूनच तयार होतात. त्याचा बराचसा भाग आपले यकृत स्वतःच बनवते. म्हणूनच काही जणांचे कोलेस्टेरॉल खाण्यात फारसे तूप-मटण नसतानाही वाढलेले असते. अंगाने काटकुळ्या माणसाचेही वाढते. "मी बारीक आहे, मला काय होतंय" या भ्रमात राहू नये.

तेल जसे पाण्यात मिसळत नाही, तसे कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर त्याला प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तातून पाठवते. ही वाहने प्रामुख्याने दोन. एलडीएल हे यकृतातून माल भरून अंगभर नेते. ते फार झाले की, उसाच्या भरल्या ट्रॉलीतून वाटेवर कांडकी पडावीत तसा माल रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू लागतो. एचडीएल हे त्यातला काही माल उचलून परत यकृताकडे आणते. म्हणून पहिल्याला वाईट आणि दुसऱ्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणण्याची रीत पडली. ट्रायग्लिसराईड ही रक्तातली दुसरी चरबी. गोड, मैदा, साबुदाणा आणि दारू यांनी ती वाढते.

हे साचणे दुखत नाही, खुपत नाही. ठिबकच्या नळीत क्षार साचतात तेव्हा वरून काहीच दिसत नाही. ओळीतले झाड सुकले की मग आपण नळी उघडून पाहतो. माणसाच्या बाबतीत सुकणारे ते झाड म्हणजे हृदय किंवा मेंदू असतो. म्हणून दुखण्याची वाट न पाहता तपासणी करावी.

कागद कसा वाचावा?

दूध घातल्यावर डेअरीची पावती आपण बारकाईने वाचतो. फॅट किती, एसएनएफ किती, भाव किती बसला. पॉइंटाचा फरक पडला तरी विचारतो. मग रक्ताची पावती न वाचता घडी घालून देवळीत का ठेवावी? डेअरीत फॅट वाढली की भाव वाढतो, इथे मात्र हिशोब उलटा आहे. आकडे असे :

एकूण कोलेस्टेरॉल : 200 च्या आत चांगले. 200 ते 239 काठावरचे. 240 आणि पुढे जास्त.

एलडीएल : 100 च्या आत उत्तम. 160 आणि पुढे जास्त.

एचडीएल : पुरुषांत 40 पेक्षा आणि स्त्रियांत 50 पेक्षा अधिक असावे.

ट्रायग्लिसराईड : 150 च्या आत असावे.

यात एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. सगळ्या जमिनींना जशी एकच खतमात्रा नसते, तसा सर्वांना एकच आकडा लागू होत नाही. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांना स्टेंट बसवली आहे, त्यांचे एलडीएल 70 च्या आत असावे लागते, आणि पुष्कळदा डॉक्टर त्याहूनही खाली आणायला सांगतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि वय हे सारे जमेस धरून डॉक्टर निर्णय घेतात. म्हणून शेजाऱ्याचा कागद आणि आपला कागद शेजारी ठेवून औषध ठरवू नये.

माता-भगिनींनी आणखी एक जाणून घ्यावे. मासिक पाळी बंद झाल्यावर स्त्रियांचे एलडीएल वाढू लागते. घरातल्या पुरुषांना शहरात नेऊन तपासतात आणि म्हातारी मात्र "मला काय धाड भरलीय" म्हणत चुलीपाशी राहते, असे आपल्याकडे फार चालते. आजोबांबरोबर आजींचीही तपासणी करावी. थायरॉईड मंद झाले तरी कोलेस्टेरॉल वाढते, तेव्हा त्याचीही तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

नांगर सुटला, ताट सुटले नाही

"आमच्या वडिलांनी वाटीभर तूप प्यायले, त्यांना कुठे काय झाले?" हा प्रश्न मला प्रत्येक गावात ऐकू येतो. त्याचे उत्तर तुपात नाही, त्यांच्या दिवसात आहे. ते पहाटे चार वाजता मोट धरत. दिवसभर बैलांमागे चालत. बाजाराला चार कोस पायी जात. शिवाय वाटीभर तूप सणावारी असे, रोज नव्हे. बाकी दिवस भाकरी, आमटी आणि ठेचा. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी मोटार देते आणि शेतावर जायला मोटारसायकल आहे. काम कमी झाले ही चांगली गोष्ट झाली. पण नांगर सुटला तरी नांगऱ्याचे ताट सुटले नाही, आणि त्यात शेव-फरसाण, वडापाव, बिस्किटे यांची रोजची भर पडली. खोट आहे ती इथे.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी रोज अर्धा तास चालावे. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीन वेळा चालावे. बांधावरून फेरी मारणे, परसातली भाजी खुरपणे, गोठ्यात वैरण टाकणे हेही चालण्यातच जमा. तंबाखू, बिडी आणि मिश्री यांना मात्र सुट्टी द्यावी. तंबाखू रक्तवाहिन्या खराब करते आणि बिडीचा धूर चांगले कोलेस्टेरॉलही घटवतो.

डब्याचा हिशोब

आता तेलाकडे वळू. "तेल कमी खा" या सल्ल्याला अर्थ नाही, कारण कमी म्हणजे किती हे कोणी सांगत नाही. मी हिशोब देतो. माणशी दिवसाला 20 ते 25 ग्रॅम तेल पुरे. म्हणजे चार ते पाच चहाचे चमचे. महिन्याला माणशी 600 ते 750 ग्रॅम झाले. पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे साडेतीन किलो. म्हणजे पंधरा किलोचा डबा चार महिने चालला पाहिजे. ज्या दिवशी डबा फोडाल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. दोन महिन्यांत डबा संपला तर घर दुप्पट तेल खाते आहे, हे कोणा डॉक्टरने सांगायची गरज नाही.

कोणते तेल? शरीरातले एलडीएल मुख्यतः संपृक्त चरबीने वाढते. करडईच्या तेलात ती शेकडा दहाच्या आत असते, शेंगदाणा तेलात वीसच्या आत. पामतेलात जवळजवळ निम्मी, तुपात शेकडा साठाच्या वर आणि खोबरेल तेलात नव्वदच्या आसपास. म्हणून रोजच्या स्वयंपाकाला करडई आणि शेंगदाणा आलटून पालटून वापरावे. घाण्याचे असो वा पिशवीतले, मोजून वापरावे, कारण तेल कोणतेही असले तरी त्यातली ऊर्जा सारखीच. आणि पिशवीवर "कोलेस्टेरॉलमुक्त" असे छापलेले पाहून जादा पैसे मोजू नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतेच. शेंगदाण्याच्या पोत्यावर "यात हाडे नाहीत" असे छापण्यासारखेच ते आहे.

डालडा म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या वनस्पती तुपात पूर्वी ट्रान्स चरबी भरपूर असे. ती सर्वांत वाईट. एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते. सरकारने 1 जानेवारी 2022 पासून तिच्यावर शेकडा 2 ची मर्यादा घातली आहे. तरीही लग्नकार्यात तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले जाते, ते टाळावे. उरलेल्या तेलात दुसऱ्या दिवशी भजी तळू नयेत.

दुधाचा हिशोब डेअरीच्याच पावतीवरून करा. फॅट 7.0 लागली म्हणजे लिटरमागे सुमारे 70 ग्रॅम चरबी. म्हशीचे अर्धा लिटर धारोष्ण दूध पिणाऱ्या आजोबांच्या पोटात 35 ग्रॅम चरबी जाते, म्हणजे दिवसाच्या तेलाच्या वाट्याहून जास्त. दूध बंद करू नका. तापवून, गार करून साय काढा, पुन्हा तापवून पुन्हा काढा, आणि ते दूध द्या. लोणी काढलेले ताक चांगले, फक्त मीठ बेताने. अंड्याच्या बाबतीतही घाबरण्याचे कारण नाही. कोलेस्टेरॉल बलकात असते, पांढऱ्यात नसते. बलक किती चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

अर्ध्या एकरात वर्षाचे तेल

आता माझ्या खात्याचे बोलतो. पाच माणसांच्या घराला वर्षाला सुमारे 42 किलो तेल लागते. कोरडवाहू करडई एकरी साधारण तीन ते चार क्विंटल येते. म्हणजे अर्ध्या एकरात दीड ते दोन क्विंटल. घाण्यावर क्विंटलमागे 25 किलोच्या आसपास तेल धरले, तर 40 ते 50 किलो तेल घरचे झाले. सोलापूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), परभणी, बीड या भागांत ज्वारीच्या कडेने करडईचे पाटे टाकण्याची रीत जुनी आहे. काट्यामुळे जनावर आत येत नाही आणि घरचे तेल निघते. सोयाबीन आले आणि करडई मागे पडली. घरापुरती का होईना, ती परत आणावी. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा ही पेरणीची वेळ आहे, आणि एकरी 4 ते 5 किलो बियाणे पुरते.

तेलाबरोबर कडधान्यांचेही पाहा. काही धान्यांत आणि भाज्यांत असा चोथा असतो, जो पोटात बुळबुळीत होतो आणि पित्तरसाला धरून बाहेर नेतो. मग नवे पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल खर्चावे लागते. हा चोथा मूग, मटकी, हुलगे, हरभरा, घेवडा, गवार, मेथीदाणे आणि सातू यांत चांगला असतो. जवसाची चटणी तर विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी होते. जवस भाजून कुटूनच खावे, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. इसबगोलानेही एलडीएल थोडे उतरते. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवावे. लसूण आणि अर्जुनसाल यांच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी सोडू नये.

नवरात्राचे उपवास तोंडावर आले आहेत. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. साबुदाण्याची तुपातली खिचडी, तळलेल्या चकल्या आणि बटाट्याचा कीस हा उपवास नव्हे. राजगिरा, ताक, फळे आणि उकडलेले रताळे यांवर उपवास चांगला निभतो. मधुमेहाच्या रोग्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

गोळीची गोष्ट

आता मामंजींच्या प्रश्नाकडे येतो. आकडा खाली आला, मग गोळी कशाला? विहिरीचा गाळ काढताना आपण मोटार लावून पाणी उपसतो. पाणी तळाला गेले म्हणून मोटार बंद केली तर काय होते? झरे चालूच असतात. विहीर पुन्हा भरते. यकृत हे तसेच झरे आहेत. गोळी यकृतातले कोलेस्टेरॉल बनवण्याचे काम मंद करते, मग यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातले एलडीएल ओढून घेते. आकडा खाली आला आहे तो गोळी चालू आहे म्हणून. ती थांबवली की काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो.

ही गोळी आली कुठून, तेही ऐकण्यासारखे आहे. जपानमध्ये अकिता प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात 1933 साली अकिरा एंडो यांचा जन्म झाला. बुरशीचे त्यांना लहानपणापासून वेड. पेनिसिलिन बुरशीतून निघाले, मग कोलेस्टेरॉल रोखणारे द्रव्यही बुरशीत सापडेल असे त्यांना वाटले. त्यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या. 1973 साली क्योटोतील एका धान्य दुकानाच्या तांदळावर मिळालेल्या निळसर-हिरव्या बुरशीतून ते द्रव्य हाती आले. त्या घराण्यातले पहिले औषध अमेरिकेत 1987 साली बाजारात आले. 1994 साली उत्तर युरोपातील 4,444 हृदयरोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही गोळी घेणाऱ्यांतले मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसले. एंडो 2024 साली नव्वदाव्या वर्षी वारले. आपण ज्या बुरशीला धान्याचा शत्रू मानतो, तिच्यातूनच हे औषध निघाले.

गोळीने गुडघे झिजत नाहीत. काही जणांना स्नायूंत दुखते हे खरे. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे काम न करताही दुखू लागले, अशक्तपणा वाटला, तर डॉक्टरांकडे जावे. ते मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. लघवी गडद तांबडी-तपकिरी होऊ लागली, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. इतर दुखण्यांसाठी चालू असलेली सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत, म्हणजे एकमेकांशी न जुळणारी औषधे कळतात. वय 75 च्या पुढे असेल आणि हृदयविकार कधी झालेला नसेल, तर गोळी घ्यावी की नाही हे प्रत्येकाच्या प्रकृतीवर ठरते. तेही डॉक्टरांशी बसून बोलावे. खर्चाची अडचण असेल तर तालुक्याच्या जनऔषधी केंद्रात हेच औषध स्वस्त मिळते.

ताट वेगळे करू नका

सूनबाई, आता तुमच्यासाठी. मामंजींच्या रागात तुपापेक्षा मानाचा भाग अधिक आहे. ज्याने आयुष्यभर घराला वाढले, त्याच्या एकट्याच्या ताटात हात आखडता घेतला की त्याला वाटते, आपले दिवस संपले. म्हणून त्यांचे ताट वेगळे करू नका, घराचीच हंडी बदला. एकच भाजी, एकच फोडणी, सर्वांना सारखी. तुमच्या मालकांनाही चाळिशीत त्याची गरज आहे, कारण आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो. भाकरीवर चमचाभर तूप मामंजींना जरूर वाढा आणि तेवढेच सगळ्यांना वाढा. चमचा कोणता, हे मात्र घरात एकदा ठरवून टाका. आणि तपासणीचा कागद त्यांच्याच हाती द्या. ज्याने जन्मभर सातबारा वाचला, त्याला चार आकडे समजतात.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. म्हातारपणी अंगातले मांस आधीच उतरत असते. तेल-तुपाच्या भीतीने म्हातारी माणसे पोटभर जेवेनाशी झाली, तर चालण्याचे बळ जाते आणि पडून हाड मोडते. वजन आपोआप घटू लागले तर ते चांगले लक्षण समजू नये. डाळ, उसळ, सायीविना दूध आणि चालत असेल त्या घरी अंडे व मासे रोज द्यावेत. कमी करायचे ते तळण, वनस्पती, गोडधोड आणि बेकरीचा माल.

शेवटी धोक्याची खूण सांगतो. छातीत दाब किंवा जडपणा, डाव्या हाताकडे अथवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ यांतले काही जाणवले तर "पित्त झाले असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. वृद्धांत आणि मधुमेहींत छाती न दुखताही, नुसती धाप लागून किंवा एकाएकी गळाठा येऊन झटका येतो. ताबडतोब 108 क्रमांक फिरवून रुग्णवाहिका बोलवा. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. हा क्रमांक आजच चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा आणि शाळेत जाणाऱ्या नातवंडांनाही पाठ करवा.

या आठवड्याची कामे तीन : तेलाच्या डब्यावर तारीख घालणे, घरातील साठीच्या वरच्या प्रत्येकाच्या रक्ताची तपासणी केव्हा झाली ते पाहणे आणि राहिली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करणे. पुढील अंकात घरापुरत्या करडईची बीजप्रक्रिया आणि पेरणी यांविषयी लिहीन. बियाणे तोवर बाजूला काढून ठेवा.